चौकाला किती मार्क द्यायचे?

एखाद्या चौकात दहशतवादी हल्ला होण्याची शक्यता किती, हे एक ते पाच आकड्यांत सांगा. एक म्हणजे जवळपास नाहीच, पाच म्हणजे कधीही होईल. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याला तुम्ही किती द्याल? कोल्हापूरच्या बिंदू चौकाला? आणि आमच्या हातकणंगल्याच्या एसटी स्टँडला?

गंमत म्हणून विचारत नाही. गेलं वर्षभर माझा पगार बऱ्यापैकी याच प्रश्नावर निघालाय. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची टीम कॅमेऱ्यांचं फुटेज वाचणारा प्रोग्रॅम लिहिते: गर्दी किती वाढली, बॅग बेवारस पडलीय का, गाडी उलट्या बाजूने शिरली का. मध्येच एका क्लायंटने विचारलं, कॅमेरे आधी कुठे लावायचे हे ठरवायचंय, तर शहरातल्या मोकळ्या जागांची यादी करा आणि प्रत्येक जागेला धोक्याचा आकडा द्या. मोकळ्या जागा म्हणजे चौक, बागा, नदीचा घाट, मंडई, स्टँडसमोरचं पटांगण. जिथे तिकीट लागत नाही आणि ज्याला दार नाही अशी कुठलीही जागा. टीममध्ये सगळ्यात ज्युनिअर नसलो तरी नाही म्हणता न येण्याइतका ज्युनिअर मी होतोच. शीट माझ्याकडे आली.

सूत्र तयारच होतं. धोका म्हणजे हल्ल्याची शक्यता गुणिले जागेचा कच्चेपणा गुणिले होणारं नुकसान. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने हेच सूत्र वापरलं आणि तिथून ते जगभरच्या सल्लागारांच्या प्रेझेंटेशनमध्ये पोचलं. इंजिनिअरिंग केलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. मशीनचा कुठला पार्ट कधी मोडेल, मोडला तर किती नुकसान, आधी कळेल का, असे तीन आकडे गुणायला आपण शिकलेलो असतो. फरक एवढाच की बेअरिंग तुमची शीट वाचत नाही. तुम्ही एक बेअरिंग मजबूत केलंत म्हणून दुसरं मुद्दाम मोडायला जात नाही. माणूस जातो. २००८ मध्ये लुई अँथनी कॉक्स या जोखीम-अभ्यासकाने या सूत्रावर नेमका हाच आक्षेप घेतला होता: हे तीन आकडे एकमेकांपासून सुटे नाहीत, कारण समोरचा तुमचा बंदोबस्त बघून आपली जागा निवडतो. पेपर वाचून मी मॅनेजरला पाठवला. त्याने अंगठा दाखवला. पुढे काही झालं नाही.

पहिला कॉलम भरायला मी जुने हल्ले गोळा केले. पुण्यापुरतं बोलायचं तर तीन ठळक. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवारची संध्याकाळ, कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी, १७ मृत्यू. १ ऑगस्ट २०१२, जंगली महाराज रस्ता, तासाभरात चार कमी ताकदीचे स्फोट, सुदैवाने एकच जण जखमी. १० जुलै २०१४, फरासखाना पोलीस ठाण्याचं पार्किंग, मोटारसायकलवर बॉम्ब. दगडूशेठचं मंदिर तिथून दोन मिनिटांवर. मुंबईची यादी लांब आहे: १२ मार्च १९९३, २००३ चे गेटवे आणि झवेरी बाजार, २००६ च्या लोकल, २६ नोव्हेंबर २००८, २०११ चे झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरचा कबुतरखाना. माणूस म्हणून ही यादी मोठी आहे, वाचवत नाही. पण मॉडेल शिकवायचं तर ती काहीच नाही. मांजराचा फोटो ओळखायला शिकवताना आपण हजारो फोटो देतो. इथे एका शहराला तीन नोंदी.

बरं, नोंदी कमी आहेत ही अर्धीच अडचण. मॉडेलला उदाहरणासोबत उत्तर द्यावं लागतं. त्याला आम्ही लेबल म्हणतो: हे मांजर, हे कुत्रं. 'हल्ला कोणी केला, का केला' याची लेबलं शोधायला गेलो आणि अडकलो. जर्मन बेकरी प्रकरणात एका आरोपीला २०१३ मध्ये फाशी सुनावली गेली. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्फोटाच्या मुख्य आरोपांतून त्याची सुटका केली आणि स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी ठेवली. लोकलमधल्या स्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. त्या स्फोटात सहा जण मेले होते.

निकाल बरोबर की चूक, हे ठरवायची माझी लायकी नाही. पण डेटा म्हणून बघा. ज्या कॉलमवर सगळा डोलारा उभा राहायचा, त्यातल्या बऱ्याच ओळींत उत्तराची जागा रिकामी आहे, किंवा खोडून परत लिहिलेली आहे. अशा डेटावर मी साधं आंब्याच्या पेटीचं प्रतवारी-मशीनसुद्धा बनवून देणार नाही.

आणि नेमकं याच कॉलमशेजारी क्लायंटकडच्या एका माणसाला अजून एक कॉलम हवा होता. 'वस्तीचा प्रकार'. पर्याय तीन: सामान्य, मिश्र, संवेदनशील. आपल्याकडे 'संवेदनशील' म्हणजे काय ते कुणी फोड करून सांगत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही.

मी तेव्हा घरून काम करत होतो. माझा रूममेट इचलकरंजीचा. हातकणंगल्यातून वडापने वीस-पंचवीस मिनिटं. त्याच्या घरी यंत्रमाग आहेत, शुक्रवारी तो जमेल तसा नमाजाला जातो आणि ऑफिसात माझ्यापेक्षा चांगला कोड लिहितो. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "इचलकरंजीचं पण करा की भावा. आमच्या गल्लीला फुल मार्क पडतील. बोर्डात पडले नव्हते तेवढे."

आम्ही दोघं हसलो. मग तो चहा टाकायला गेला आणि मी मालेगाव उघडलं, २००८ चं नाही, त्याच्या आधीचं. मालेगाव म्हणजे तसं इचलकरंजीचं भावंडच: तेच माग, तोच खडखडाट. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. दुपारच्या नमाजानंतर मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. सायकलींवर बॉम्ब होते. तीसहून जास्त माणसं गेली आणि जवळजवळ सगळी मुसलमान. त्यानंतर नऊ मुसलमान पुरुषांना अटक झाली. पाच वर्षं आत काढल्यावर २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांच्यावरचे आरोप काढून टाकले. आता माझ्या शीटमध्ये ही जागा कशी भरायची? 'संवेदनशील' म्हणून मार्क वाढवले तर कॅमेरा लागेल, पण तो कुणाकडे तोंड करून लागेल? जे मेले त्यांच्याकडेच.

मी मेल लिहिला. सभ्य भाषेत, आकड्यांसकट: हा कॉलम घातला तर स्कोअर सुधारतो याला पुरावा नाही, उलट पोलिसांचं लक्ष ठराविक गल्ल्यांत अडकतं आणि बाकीच्या जागा मोकळ्या राहतात. दोन मीटिंगा झाल्या. निकाल असा लागला की तो कॉलम गुणाकारातून काढला, पण शीटमध्ये 'केवळ माहितीसाठी' म्हणून ठेवला. आता तो स्कोअरमध्ये नाही, पण स्कोअर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. रूममेटला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे सिलॅबसमध्ये आहे पण परीक्षेत नाही."

इथे एक गोष्ट दडवायची नाही, कारण ती माझ्या बाजूची नाही. २२ मे २०१७ ला मँचेस्टरमध्ये गाण्याचा कार्यक्रम संपताना स्फोट झाला, २२ माणसं गेली. पुढे चौकशीत एका तरुण सुरक्षारक्षकाने सांगितलं की मोठी बॅग घेऊन बसलेला तो माणूस त्याला खटकला होता, पण आपल्याला कुणी वंशद्वेषी म्हणेल या भीतीने तो पुढे झाला नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पण त्याला काय खटकलं होतं ते बघा. कार्यक्रम संपायच्या वेळी, दाराबाहेर, एवढी मोठी बॅग घेऊन हा इथे का बसलाय? हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. तो विचारायची सवय आणि मुभा त्या पोराला असायला हवी होती. वस्तीच्या कॉलमने ती येत नाही.

मग बॅगच पकडू, मशीनकडून. आमच्या डेमोत हे फार भारी दिसतं. बॅग ठेवली, माणूस लांब गेला, लाल चौकोन आला. आता हिशोब करा. समजा एका मोठ्या स्टेशनवर दिवसाला एक लाख बॅगा कॅमेऱ्यासमोरून जातात आणि आमचा प्रोग्रॅम शंभरात फक्त एकदा चुकतो. म्हणजे दिवसाला हजार खोटे अलार्म. वर्षाला साडेतीन लाखांच्या वर. आणि खरा बॉम्ब? नशिबाने वर्षानुवर्षं एकही नाही. कंट्रोल रूममधला हवालदार तिसऱ्या दिवशी आवाज बंद करणार, आणि मी त्याच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी केला असता. स्टेशनांवरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटी आठवा. आपण त्यातून जातो, त्या वाजतात, पुढचा माणूस गेला की परत वाजतात. वाजणं हेच त्यांचं काम असल्यासारखं.

एवढं सगळं झाल्यावर शीटमध्ये दोनच कॉलम असे उरले ज्यांबद्दल मला खरोखर काही माहीत होतं. जागा कशी आहे, आणि काही झालं तर माणसं कुठून बाहेर पडतील. गंमत म्हणजे क्लायंटला यात सगळ्यात कमी रस होता, कारण यात विकत घ्यायला फारसं काही नाही.

जर्मन बेकरीचंच बघा. २६/११ च्या आधी ठिकाणांची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली कोरेगाव पार्कातही येऊन गेला होता. तिथलं ज्यू लोकांचं छबाड हाऊस आणि ओशो आश्रम यांवर धोका आहे हे स्फोटाच्या आधीच बोललं जात होतं. स्फोट झाला तो त्याच भागातल्या एका उघड्या, भरलेल्या खाण्याच्या जागेत. मँचेस्टरमध्येही तेच: तिकीट तपासायच्या रेषेच्या बाहेर, जिथे आईबाप पोरांना न्यायला थांबले होते. तुम्ही रेषा ओढली की रेषेबाहेर रांग लागते, आणि रांग म्हणजे गर्दी. देवळाच्या दारात बॅगा तपासायला लागलो की तपासणीच्या अलीकडे हजार माणसं उभी. त्या हजार माणसांचा स्कोअर कुठल्या ओळीत लिहायचा?

याउलट २६ नोव्हेंबर २००८ ची सीएसएमटी. दोन जण रायफली घेऊन स्टेशनात शिरले, पन्नासहून जास्त माणसं तिथे मारली गेली. अनाउन्सरच्या केबिनमध्ये विष्णू झेंडे होते. वरून त्यांना दिसत होतं. ते माईकवरून सांगत राहिले, मागच्या बाजूने बाहेर पडा, एक नंबर प्लॅटफॉर्मकडून जा. केबिनवर गोळ्या आल्या. ते थांबले नाहीत आणि कितीतरी माणसं त्या आवाजामागे चालत बाहेर गेली. यातलं तंत्रज्ञान बघा: एक माईक, चालू असलेले स्पीकर, आणि कुठलं दार उघडं आहे हे माहीत असलेला एक माणूस. मी ही ओळ माझ्या रिपोर्टमध्ये घातली होती. रिव्ह्यूमध्ये 'अप्रासंगिक' असा शेरा आला.

ब्रिटनमध्ये मात्र ती कायद्यात गेली. मँचेस्टरमध्ये मुलगा गमावलेल्या फिगेन मरे यांनी काही वर्षं पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे कायदा झाला. त्यांच्या मुलाच्या नावाने लोक त्याला मार्टिनचा कायदा म्हणतात. दोनशे किंवा जास्त माणसं जमतात अशा जागा चालवणाऱ्याने आधी ठरवून ठेवायचं की माणसं बाहेर कशी काढायची, बाहेर धोका असेल तर आत कशी घ्यायची, आणि त्यांना सांगायचं कोणी. लहान जागांना यंत्रं विकत घ्यायची सक्ती नाही.

पुण्यात काही गोष्टी नकळत झाल्यात. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले तेव्हा दुचाक्या वर चढू नयेत म्हणून खांब रोवले. नीसमध्ये १४ जुलै २०१६ ला एकाने गर्दीत ट्रक घातला आणि ८६ माणसं गेली. त्यानंतर युरोपातली शहरं गाड्या अडवायला जागोजागी असेच, पण दणकट, खांब रोवत सुटली. आपण ते पुणेकर स्कूटरवाल्यांच्या भीतीने रोवले. असो.

गणपतीच्या आधी हातकणंगल्याला गेलो होतो. पोलीस ठाण्यातली मंडळांची बैठक नुकतीच झाली होती आणि काका सूचनांचा कागद घेऊन आले होते. कॅमेरा लावा, स्वयंसेवक नेमा, रात्री मूर्तीजवळ माणूस ठेवा, रस्ता मोकळा ठेवा. मी म्हटलं, काका, चला, आपल्या चौकाचा स्कोअर काढू. मोबाईलवर शीट उघडली.

"कशाचा?"

"कुणी बॉम्ब-बिम्ब ठेवला तर."

"आरं, हितं एसटी येळंवर येत न्हाई, आन् त्यो बाँब घेऊन कुठनं यील?"

पण आले. संध्याकाळी सातची वेळ, मांडव उभा राहत होता. चौकाला चार वाटा. मुख्य रस्त्याच्या वाटेवर कमान आणि तिच्या दोन्ही पायांना बांबूंची जुडगी. दुसऱ्या वाटेवर जनरेटर, त्याच्याशेजारी डिझेलचे कॅन, आणि मिरवणुकीच्या दिवशी तिथेच डॉल्बीची ट्रॉली लागते. तिसऱ्या वाटेवर भेळेचा आणि आइस्क्रीमचा गाडा, गाड्याखाली गॅसची टाकी. चौथा एक बोळ, दोन माणसं शेजारी चालतील एवढा, पलीकडे शाळेच्या मैदानात निघणारा. त्याला लोखंडी गेट आणि गेटला कुलूप.

मी एक-एक वाट पावलांनी मोजली. काका मागून येत होते, आधी कंटाळून, मग गप्प होऊन. देखावा बघायला शेवटच्या तीन दिवसांत इथे चारेकशे माणसं एका वेळी असतात, बायका आणि पोरं जास्त. मी विचारलं, "काका, लाइट गेली आणि जनरेटरने पेट घेतला, तर ही माणसं कुठून जाणार?"

काका म्हणाले, "मांढरदेवीला काय झालतं?"

आमच्या भागातून मांढरदेवीच्या काळूबाईला जाणारे पुष्कळ. २५ जानेवारी २००५ च्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या वाटेवर माणसं घसरली, चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या. २९० हून जास्त माणसं मेली. कुणीही बॉम्ब ठेवला नव्हता. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले, तिथेही नाही. पाऊस होता, गर्दी होती आणि जिना अरुंद होता.

माझ्या शीटमधल्या पहिल्या कॉलममध्ये आमच्या चौकाला एक मार्क पडला. तोही सूत्र शून्य घेत नाही म्हणून. बाकीच्या दोन कॉलमांत पाच आणि पाच. एका महानगरातल्या ज्या चौकाला आम्ही कॅमेऱ्यांच्या यादीत वर ठेवलंय, त्यालाही तिथे चारच होते. पण गुणाकार केला की आमचा चौक तळाशी जातो, कारण एकाने गुणलं की काही वाढत नाही. बॉम्ब येणार नाही म्हणून कुलूप तसंच राहतं.

त्या रात्री मंडळाची बैठक झाली. शीट कुणाला दाखवली नाही. काकांनीच विषय काढला, पोलिसांचा कागद वर धरून, म्हणजे तो सरकारी वाटावा. जनरेटर शाळेच्या भिंतीकडे न्यायचा ठरला. वायर लांबणार, चार हजार जास्त जाणार, त्यावर अर्धा तास वाद. डिझेलचे कॅन एका कार्यकर्त्याच्या घरी. भेळवाल्याने गाडा हलवायला साफ नकार दिला, त्याची जागा वडिलांपासूनची आहे. शेवटी गाडा भिंतीला समांतर लावायचा, एवढ्यावर मिटलं. स्वयंसेवकांना टी-शर्ट हवे होते, त्यांना शिट्ट्या मिळाल्या. माईकवर रोज एकच माणूस बसेल आणि त्याला चारही वाटा माहीत असतील, हा मुद्दा मी मांडला. सगळ्यांनी मान डोलावली. मग माईक कुणाकडे यावरून भांडण झालं, कारण माईक म्हणजे आमच्याकडे छोटं पदच असतं. अखेर तो बालवाडी चालवणाऱ्या एका काकूंकडे गेला. चारशे लोकांना एका आवाजात गप्प करण्याचा अनुभव गावात तेवढा त्यांनाच आहे.

राहिला बोळ. ते गेट एका घराच्या हद्दीत येतं आणि मालकाला भीती आहे की दहा दिवस उघडं राहिलं तर पोरं तिथे बसून तंबाखू खातील. खोटी नाही ती भीती, खातात. काका आणि मी दोनदा जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, विचार करतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी पुण्याला परतलो.

काल काकांचा फोन आला. गेट उघडं ठेवणार नाहीत, पण संध्याकाळी सात ते अकरा किल्ली काकूंकडे देणार. काकूंनी ती माईकच्या वायरला बांधून ठेवलीय.